सरकारी साहाय्य आणि आपलें दान

(समितीच्या देणगीदारांच्या सभेंत झालेलें भाषण. सभेच्या इच्छेवरून अहवालाच्या आरंभीं छापलें आहे.)



वर्गणीसाठीं आम्ही पेठेंत फिरतों तेव्हां एक प्रश्न बहुतेक दुकानीं ऐकावयास मिळतो. "कर आम्ही भरतों. सरकारपाशीं आपत्तीचा स्वतंत्र निधि आहे, तलाठी आहे, तहसीलदार आहे, जिल्हाधिकारी आहे. मग पुन्हां आमच्याच दारीं झोळी कां?" असें विचारणारास कृपण समजण्याची चाल लोकांत आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर दिल्यावांचून आपणांपाशीं एक पैहि मागण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. म्हणून आजचें भाषण विनंतीनें न आरंभितां ह्या प्रश्नानेंच आरंभितों.

कराची गोष्ट प्रथम घेऊं, कारण ती व्यापाऱ्यांच्या घरची आहे. १८७६ ते १८७८ ह्या सालांत दख्खन, कर्नाटक, मद्रास व म्हैसूर ह्या मुलखांत जो दुष्काळ पडला त्यांत पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे. पुढील दुष्काळाची तरतूद म्हणून सरकारनें दरसाल दीड कोटि रुपये निराळे काढण्याचें ठरविलें, आणि त्या रकमेसाठीं १८७८ सालीं व्यापारी व दुकानदार ह्यांजवर लायसन्स कर बसविला. सुरतेस ह्या करापायीं दंगा झाला. हा पैसा दुष्काळाचा आहे असें लोकांस सांगण्यांत आलें होतें. परंतु लवकरच अफगाणिस्तानचें युद्ध सुरू झालें, तिजोरीला ओढ लागली, आणि ही तरतूद आंखडली. कर मात्र चालू राहिला. पुढें स्वराज्यांत, १९७५ सालीं, महाराष्ट्रानें व्यवसाय कर बसविला तोहि ह्याच जातीचा. त्याचें उत्पन्न व सरकारनें घालावयाची तितकीच भर कायद्यानें रोजगार हमीच्या कामास बांधून ठेविली होती. आपल्यापैकीं दुकानदार, वकील, डॉक्टर, नोकरदार हे सर्व तो भरीत आले आहेत. आणि ज्यास हा कर लागत नाहीं तो मजूरहि साबणापासून काडेपेटीपर्यंत प्रत्येक जिनसेवर आपला वांटा देत असतो.

तेव्हां दुष्काळी कामावर मिळणारा रोज, चाऱ्याच्या छावणीचें अनुदान, टँकरचें पाणी हें सर्व आगाऊ भरलेल्या पैशांतून येतें. ठेव परत करणाऱ्या विश्वस्तास आपण दाता म्हणत नाहीं. 'मायबाप सरकार' हा शब्द आपल्या तोंडांत इतका रुळला आहे कीं अर्ज लिहितांनाहि आपण हात जोडूनच लिहितों. अर्जाच्या कागदास हात नसतात हें बरें. असो. सरकारी साहाय्य हें ऋण आहे, दान नव्हे, इतकें ठरलें म्हणजे दुसरा प्रश्न उभा राहतो: हें ऋण केव्हां देय होतें, आणि तें कोणी ठरवावयाचें? साहाय्याचें सारें राजकारण ह्या एका प्रश्नांत सांठलें आहे.

सर रिचर्ड टेंपल ह्यांचें नांव मुंबई इलाख्याच्या इतिहासांत आहे. १८७७ ते १८८० पर्यंत ते येथील गव्हर्नर होते. त्यांच्या चरित्रांतील दोन दुष्काळ शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. १८७३-७४ सालीं बिहारांत पाऊस चुकला. उपासमारीनें माणसें मरूं द्यावयाचीं नाहींत असा निश्चय व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक ह्यांनीं केला, ब्रह्मदेशांतून सुमारें साडेचार लाख टन तांदूळ आणविला, आणि तो खेड्यापाड्यांत पोंचविण्याचें काम टेंपलसाहेबांकडे आलें. मृत्यु अगदीं अल्प झाले. ह्याबद्दल त्यांची वाहवा झाली असेल असें आपणांस वाटेल. प्रकार उलटा घडला. धान्य उरलें, पैसा उधळला, लोकांस आळशी केलें अशी ओरड कलकत्त्यापासून लंडनपर्यंत उठली. तीन वर्षांनीं दक्षिणेंत दुष्काळ पडला तेव्हां लॉर्ड लिटन ह्यांनीं ह्याच गृहस्थांस काटकसरीची ताकीद देऊन पाठविलें. ह्या खेपेस त्यांनीं मद्रासेकडे ठरविलेली मजुरी म्हणजे दिवसास एक पौंड, म्हणजे जवळजवळ अर्धा शेर, धान्य व वर किरकोळ पैसे. तेथील आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश ह्यांनीं इतक्यावर कष्टाचें काम करणारा मनुष्य तगणार नाहीं असें निक्षून कळविलें, आणि कांहीं महिन्यांनीं प्रमाण वाढवावेंहि लागलें. पण ते महिने ज्यांचे गेले त्यांचे गेले. शिवाय अंतराची कसोटी होती. गांवाजवळ काम दिलें तर गरज नसलेलेहि येतील, म्हणून घर सोडून दहा मैलांवरच्या छावणींत जाईल तोच खरा गरजू, असें मानीत. उपाशी माणसानें आपला उपास पायांनीं चालून सिद्ध करावयाचा!

मनुष्य तोच, त्याची कर्तबगारी तीच. बिहारांत त्याचें काम वांचलेल्या जिवांवरून जोखलें जाईल अशी त्याची समजूत होती. दक्षिणेंत येईपर्यंत तें शिल्लक रुपयांवरून जोखलें जातें हें त्यास पुरतें कळलें होतें. आम्ही टेंपलसाहेबांस दोष देण्यासाठीं ही हकीकत सांगत नाहीं. अधिकाऱ्याच्या हातून काय होतें हें त्याच्या वरिष्ठांनीं व करदात्यांनीं त्यास काय विचारलें ह्यावर अवलंबून असतें, आणि करदात्यांत आपण येतों. जास्त खर्चाबद्दल ज्या सोसाट्यानें आपण ओरड करतों त्या सोसाट्यानें उशिराबद्दल करीत नाहीं.

मुंबई इलाख्यांत जानेवारी १८७७ त मजुरी उतरली तेव्हां हजारों मजुरांनीं दुष्काळी कामें सोडून दिलीं. त्यांच्या बाजूनें उभी राहिली ती पुण्याची सार्वजनिक सभा. १८७० सालीं स्थापन झालेल्या ह्या सभेचे प्राण गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, हे त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेच्या दिल्ली दरबारास हातच्या सुताचा साधा पोषाख करून गेले होते. इकडे सभेचीं माणसें गांवोगांव हिंडून पीक किती, गुरें किती उरलीं, कोण गांव सोडून गेलें ह्याचीं टिपणें करीत व तीं सरकारास धाडीत. सभेपाशीं धान्याचीं कोठारें नव्हतीं. तिनें दिलेली मदत म्हणजे खरी माहिती, तारीखवार व सहीनिशीं.

त्या दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची ह्यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या कमिशनचा अहवाल १८८० सालीं आला आणि त्यावरून प्रांतोप्रांतीं फॅमिन कोड तयार झाले. धान्याचे भाव चढणें, भिकाऱ्यांचे तांडे दिसूं लागणें, गुरांचे बाजार कोसळणें, लोक परागंदा होणें हीं चिन्हें दिसतांच परीक्षेचीं कामें काढावीं, गर्दी झाली तर दुष्काळ धरावा, सशक्तांस मजुरी द्यावी, अशक्तांस घरपोंच शिधा द्यावा, असा क्रम त्यांत घालून दिला होता. परक्या सरकारचा असला तरी तो चांगल्या विचाराचा दस्तऐवज होता. पण सारी यंत्रें एका कळीनें फिरावयाचीं, आणि ती कळ म्हणजे 'दुष्काळ आहे' हें सरकारनें तोंडानें म्हणणें. बंगालांत १९४३ सालीं ती कळ फिरलीच नाहीं. बंगाल सरकारनें कोडाखालीं दुष्काळ जाहीर केला नाहीं. केला असता तर ठरलेला शिधा द्यावा लागला असता आणि तेवढें धान्य हाताशीं नाहीं, असें कारण मागाहून पुढें आलें. सरकारी चौकशी मंडळानें मृतांचा आंकडा पंधरा लाख धरला. पुढील अभ्यासकांनीं तो तीस लाखांपर्यंत नेला आहे.

आपल्या राज्यानें तर १९६३ सालीं कायदा करून सर्व कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकिला व त्या जागीं टंचाईवाचक शब्द घातला. हेतु वाईट नसावा. स्वतंत्र देशांत भूकबळी होऊं द्यावयाचे नाहींत, मग तो शब्द तरी कशास, असा अभिमान त्यांत होता. दहाच वर्षांत तो अभिमान कसोटीस लागला. १९७२-७३ च्या अवर्षणांत मे १९७३ मध्यें जवळजवळ पन्नास लाख माणसें सरकारी कामांवर होतीं. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, आणि सर्वांहून अधिक खडी. मिलोच्या लाल भाकरीची व सुकडीची चव ज्यांनीं घेतली तीं माणसें आपल्यांत अजून आहेत. धान्याचें उत्पन्न निम्म्यावर आलेल्या त्या प्रांतांत बंगालसारखा संहार झाला नाहीं, हें मोठें काम होय, आणि तें करणाऱ्या शासनाची स्तुति करण्यास आम्ही कचरत नाहीं. मागणीची चळवळहि त्याच वेळीं गांवोगांव होती हें मात्र विसरूं नये. मोर्चे आले, कामें निघालीं. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून आलेली रोजगार हमी १९७७ सालीं कायदा झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आली. १८७७ सालीं दहा मैलांची कसोटी होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यानें काम गांवापासून पांच किलोमीटरांच्या आंत द्यावें, दूर असेल तर दहा टक्के मजुरी अधिक द्यावी, असें ठरविलें. सवाशें वर्षांत इतकी वाट कापली गेली, आणि ती मागणारांनीं कापली.

तरी कळीचा प्रश्न सुटला नाहीं. आणेवारीची पैसेवारी झाली एवढेंच. एकोणपन्नास पैशांच्या गांवीं टंचाई, आणि ओढ्यापलीकडच्या एकावन्न पैशांच्या गांवीं सुबत्ता, हा चमत्कार येथील जमीनदार मंडळींनीं पाहिलेला आहे. केंद्राच्या २०१६ च्या नियमावलीनें पाऊस, उपग्रहांनीं टिपलेली हिरवळ, जमिनींतील ओल असे निर्देशांक आणिले. शास्त्र म्हणून तें स्वागतार्हच. परंतु दुष्काळाचे 'मध्यम' व 'गंभीर' असे भाग पाडून केंद्राच्या निधीची वाट फक्त गंभीरासाठीं ठेविली. २०१८ सालीं महाराष्ट्रानें १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, २०२३ सालीं ४०. आणि त्या चाळिसांबाहेरच्या कित्येक महसूल मंडळांस 'दुष्काळसदृश' हें विशेषण मिळालें. सदृश दुष्काळांत गुरें सदृश उपाशी राहतात कीं काय, हें आम्हांस कोणी सांगितलें नाहीं. ११ मे २०१६ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें दुष्काळ मान्य करण्यास टाळाटाळ करणाऱ्या राज्यांवर कडक ताशेरे ओढले. त्या निकालाचा आरंभच लोकमान्य टिळकांचें नांव घेऊन केलेला आहे; साधनांचें दारिद्र्य नसून इच्छेचें आहे, असा त्यांतील आशय.

ह्याची दुसरी बाजू आम्हीं ऐकलेली आहे आणि ती पोकळ नाहीं. अधिकारी म्हणतात कीं जाहीर करणें सैल झालें तर ज्याचा वशिला त्याचा तालुका आधीं दुष्काळी होईल, निधि बलवान् लोक नेतील, आणि खऱ्या कोरड्या गांवाच्या वांट्यास कांहीं उरणार नाहीं. छावणींतील गुरांच्या आंकड्यांत व टँकरच्या खेपांत काय काय होतें हें आपण सारे जाणतों; आपल्यापैकीं कांहींजण तर कंत्राटदार म्हणूनच जाणतात. परंतु चोरी होते म्हणून घोषणाच लांबविणें, म्हणजे कोठारास उंदीर लागले म्हणून पेरणी बंद ठेवणें. चोरीवर इलाज हिशेबाचा आहे: यादी चावडीवर लावावी, ग्रामसभेंत वाचावी, हरकत घेणाराचें नांव लिहून घ्यावें.

आतां एक अवघड गोष्ट बोलतों. कांहीं थोर देणगीदारांनीं आम्हांस सुचविलें आहे कीं समितीनें धान्य वांटावें, चारा द्यावा, पण अर्ज, निवेदनें व गांवांच्या पाहणीचे तक्ते ह्या भानगडींत पडूं नये. त्यानें कचेरींत नाराजी होते आणि पुढें आमचीं कामें अडतात. त्यांची अडचण खरी आहे. १८९६ सालीं सार्वजनिक सभेच्या लोकांनीं फॅमिन कोड मराठींत समजावून गांवोगांव सांगितला, तुमचा हक्क मागा असें रयतेस म्हटलें, तेव्हां पुढल्याच सालीं सरकारनें त्या सभेचा सरकारशीं बोलण्याचा अधिकारच अमान्य केला. म्हणजे नाराजी ही जुनी वस्तु आहे. तरीहि समितीचा निर्णय असा आहे कीं तक्ते चालू राहतील. कारण उघड आहे. आपण गुपचूप जेऊं घातलें कीं कागदावर भूक नाहींशी होते. भूक कागदावर नसली कीं सरकारी काम निघत नाहीं. आणि आपलें धान्य पंधरा दिवसांत संपतें. अशा रीतीनें आपलें दान त्या गांवाच्या हक्काच्या आड येऊन उभें राहील. ह्यासाठीं ज्या गांवीं आम्ही शिधा देतों तेथें त्याच दिवशीं किती घरांस दिला, कोणत्या कारणानें दिला, काम मागितल्यास किती दिवस झाले हें लिहून त्याची प्रत तहसील कचेरींत पोंच घेऊन देतों. एका देणगीदारांनीं ह्या कारणास्तव आपली मोठी रक्कम परत मागितली. ती आभारपूर्वक परत केली आहे.

मग सरकारनें आपलें काम केलें असतां आपल्या दानास जागा उरते काय? उरते, आणि बरीच उरते. १८९७ च्या दुष्काळांत धर्मादाय निधि उभारला तेव्हां त्याचीं चार कामें ठरविलीं होतीं: जीव जगविण्यापुरत्या सरकारी शिध्यावर कपडालत्ता, आजाऱ्यांचें पथ्य अशी भर घालणें, पोरक्या मुलांची सोय, कामावर न येऊं शकणाऱ्या अब्रूदार गरिबांस साहाय्य, आणि दुष्काळ सरल्यावर बैल व बियाणें देऊन कुणब्यास पुन्हां उभें करणें. जीव वांचविणें सरकारकडे, संसार उभारणें लोकांकडे, ही वांटणी आम्हांस आजहि पटते. ह्या चारांपैकीं शेवटचें काम लोक विसरतात. पहिला पाऊस पडला कीं वर्तमानपत्रें दुष्काळ संपवितात, आणि कुणब्याचा दुष्काळ तर तेथेंच चढाला लागतो, कारण दावणीस बैल नाहीं आणि घरांत बीं नाहीं.

पांचवें काम काळानें वाढविलें आहे. पिकाच्या नुकसानीचें अनुदान सात-बाराच्या उताऱ्यावरील नांवास मिळतें. वांट्यानें करणारा, तोंडी खंडानें करणारा, नवऱ्याच्या मरणानंतर जिच्या नांवाची नोंद अजून झालेली नाहीं ती विधवा, हीं माणसें पीक गमावतात आणि यादींत नसतात. मेंढपाळ तर कोणत्याच गांवच्या यादींत नसतो. येथें बसलेल्या जमीनदार मंडळींस आमची विनंती रोख पैशाची नाहीं. आपल्या शेताचें अनुदान आपल्या खात्यांत येईल तेव्हां ज्यानें तें शेत कसलें व ज्याचें बीं वायां गेलें त्यास त्याच्या हिश्शाप्रमाणें द्यावें. कांहीं जमीनदारांनीं तसें केलें आहे; त्यांनीं नांव छापूं नका म्हटल्यामुळें आम्ही छापीत नाहीं.

व्यापारी मंडळींस मागणें निराळें आहे. अमर्त्य सेन ह्यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं बंगालांत मरणारांस मुख्यतः कमी पडलें तें धान्य विकत घेण्याचें बळ. मजुरी हातीं आली म्हणजे धान्य त्या गांवाकडे आपण होऊन वळतें, आणि तें वळविणारे आपणच. परंतु मजुरी उशिरां मिळते, उधारीचा भाव निराळा लागतो, आणि मजुराचा आठवडा दुकानदाराकडे गहाण पडतो. १८९६ सालीं टिळकांनीं पुण्यास स्वस्त धान्याचीं दुकानें काढविलीं तीं व्यापाऱ्यांच्याच साहाय्यानें. तसें प्रत्येक बाजारपेठेंत एक दुकान, खरेदीच्या भावांत हमाली व गाडीभाडें मिळवून त्याच दरानें, दुष्काळी कामाच्या मजुरांस हजेरीपत्रकावर उधार देणारें, पुढील पाऊस लागेपर्यंत चालवावें. त्यांत तोटा आला तर समिति भरून देईल. नफा धरूं नये.

वर्गणीचे नियम थोडक्यांत सांगतों. पोत्यावर, चाऱ्याच्या गाडीवर अथवा छावणीच्या दारावर देणगीदाराचें नांव वा कोणत्याहि पुढाऱ्याचें चित्र लावलें जाणार नाहीं. नांवें अहवालांत येतील. शिधा घेणाराचें छायाचित्र काढूं दिलें जाणार नाहीं. निवडणुकीच्या दिवसांत वांटपास उमेदवार बोलावले जाणार नाहींत, मग त्यांनीं किती का दिलेलें असो. कडबा पेंढीनें मोजून घेऊं, ज्वारी व बाजरी किडकी नसावी. मागल्या खेपेस एका गोदामांतून जें आलें तें गुरांसहि घालतां आलें नाहीं. बियाण्याचें धान्य खाण्याच्या धान्यांत मिसळूं नये, पोत्यास निराळी चिठी बांधावी. रोख रकमेची पावती जागच्या जागीं मिळेल. जमाखर्चाच्या वह्या समितीच्या कचेरींत बाजारच्या दिवशीं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उघड्या असतात, आणि त्या पाहण्यास देणगीदार असण्याची अट नाहीं.